वाव

माउंटन बाइकच्या परिभाषेत ‘ट्रॅव्हल’ या शब्दाचा प्रवासाशी काही संबंध नाही. खडकावर किंवा मुळीवर आदळल्यानंतर चाक आपल्या जागेवरून जास्तीत जास्त किती वर सरकू शकते, त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात. रानवाटांवरच्या शर्यतीच्या हलक्या सायकलींना ते १०० ते १२० मिलिमीटर असते, निव्वळ उतारासाठी घडवलेल्यांना २०० च्या आसपास. या दोहोंच्या मध्ये १४० ते १६० मिलिमीटरच्या ‘लाँग ट्रॅव्हल ट्रेल बाइक’ येतात. डोंगर स्वतःच्या पायांनी चढावा आणि मग तो मनमुराद उतरावा, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी त्या असतात. ट्रॅव्हलसाठी मराठीत मला ‘वाव’ हा शब्द नेमका वाटतो. जागा, मुभा आणि चुकीला मिळणारी सवलत अशा तिन्ही छटा त्यात आहेत. या लेखाचा विषय मुख्यतः तिसरी छटा हा आहे.

मी ५३ वर्षांची आहे. गेली २२ वर्षे उत्तर कॅलिफोर्नियात राहते आणि त्यांपैकी १४ वर्षे सांताक्रूझच्या डोंगरांतील पायवाटांवर सायकल चालवते. गेल्या वर्षी हाडांच्या घनतेची तपासणी झाली तेव्हा खुब्याचा टी-स्कोअर उणे २.१ आला. तो उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्यास ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. म्हणजे मी उंबरठ्याच्या अलीकडे आहे, पण उंबरठा दिसतो आहे. डॉक्टरांनी अहवाल वाचून सांगितले, “सायकल चालवायला हरकत नाही, पडायला आहे.” साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, “अगं, सायकल सपाट रस्त्यावरही चालते की!” दोघांचेही म्हणणे खरे होते. परंतु रेडवूडच्या सावलीतील ती मुळ्यांनी विणलेली वाट मला सोडायची नव्हती. तेव्हा १२० मिलिमीटरची जुनी सायकल देऊन अधिक वावाची नवी घ्यावी, असे ठरवले. आता नव्या सायकलीकडून नेमके काय मागायचे, हा प्रश्न उरला.

या बाजारात शिरल्यावर पहिली गाठ पडते ती समीक्षेशी. सायकलींची परीक्षणे लिहिणारा एक मोठा वर्ग आहे आणि त्याची भाषा साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीची वाटावी अशी आहे. अमुक सायकल ‘जिवंत’ आहे, तमुक ‘खेळकर’, तिसरी ‘लोण्यासारखी’, चौथी ‘आत्मविश्वास देणारी’. काव्याच्या रसग्रहणात विशेषणांची अशी आरास आपण पुष्कळ पाहिली आहे. तिथे जो प्रश्न विचारावासा वाटतो तोच इथेही पडतो: हा गुण वस्तूत आहे की आस्वादकात? ८५ किलो वजनाच्या, तिशीतल्या परीक्षकाला जी सायकल लोण्यासारखी वाटते ती ५८ किलोच्या मला लाकडासारखी वाटू शकते. म्हणून मी विशेषणे बाजूला ठेवली आणि प्रत्येक निर्माता देतो तो मापांचा तक्ता वाचू लागले. तो नीरस असतो, पण नीट वाचला तर सायकलीची संहिता तीच आहे.

सायकलीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. टायर, ब्रेक, हँडल, गियर हे बदलता येतात. फ्रेमचे कोन आणि लांब्या मात्र, एखाद्या अंशाची तडजोड सोडली तर, कायमच्या असतात. वृत्तात शब्द बदलता येतो. लघुगुरूंचा क्रम बदलला की वृत्तच बदलते. त्यामुळे सुट्या भागांच्या झगमगाटाला भुलून फ्रेम निवडण्यात अर्थ नाही. फ्रेम नेमकी असेल तर भाग सावकाश सुधारता येतात. उलटा क्रम शक्यच नसतो.

या मापांत माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होता हँडलखालच्या नळीचा जमिनीशी होणारा कोन. १९९० च्या दशकातील माउंटन बाइकमध्ये तो ७१ अंशांच्या आसपास असे. आजच्या लाँग ट्रॅव्हल सायकलींत तो ६४ ते ६५ अंश असतो. सहा-सात अंशांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. प्रत्यक्षात कोन कलता झाला की पुढचे चाक स्वाराच्या बरेच पुढे जाते आणि तीव्र उतारावर हँडलवरून पुढे फेकले जाण्याचा धोका कमी होतो. याची किंमत चढावर मोजावी लागते, कारण मंद गतीत असे चाक इकडेतिकडे भरकटू पाहते. म्हणून आजचे रचनाकार सीटखालची नळी अधिक उभी, ७६ ते ७८ अंशांची करतात. त्यामुळे स्वाराचे वजन पुढे राहते. एका निवडीची भरपाई दुसरीने करण्याची ही पद्धत मला पटली. मी ॲल्युमिनियमची साधी फ्रेम घेतली: मागे १५० मिलिमीटर, पुढे १६०, कोन ६४.५ अंश. कार्बनच्या फ्रेमपेक्षा ती जड आहे. वाचलेले पैसे पुढील बदलांसाठी ठेवले.

इथे थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे, कारण ‘वाव’ ही कल्पना या सायकलीला जन्मतः मिळालेली नाही. सॅनफ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ १९७६ च्या २१ ऑक्टोबरला ‘रीपॅक’ नावाची उताराची पहिली शर्यत झाली. सुमारे २ मैलांत १३०० फूट उतरणारा तो कच्चा रस्ता होता. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही मंडळी तिथे दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जाड टायरच्या अवजड सायकली घेऊन उतरत. पेडल उलटे दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे की हबमधील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे; ‘रीपॅक’ हे नाव त्यावरून पडले. त्या सायकलींना धक्के शोषणारे काहीही नव्हते. पॉल टर्नर यांचा ‘रॉकशॉक्स’ फोर्क १९८९ मध्ये बाजारात आला आणि त्याचा वावही सुमारे २ इंचच होता. म्हणजे पहिली पिढी डोंगर उतरली ती गुडघे, कोपरे आणि मनगटे यांच्या बळावर. शरीर हाच पहिला शॉक अब्सॉर्बर. लहानपणी साताऱ्यात तासावर भाड्याने घेतलेल्या मोठ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून आम्ही जे लंगडे पेडल मारत असू, तिथेही यंत्राची उणीव शरीरच भरून काढत होते. पन्नाशीनंतर हा व्यवहार उलटतो. शरीराने जे देणे थांबवले ते यंत्राकडून घ्यावे लागते, आणि किती घ्यावे हे ठरवावे लागते.

मी ते एका निकषावर ठरवले: कोणत्या बदलामुळे पडण्याची शक्यता कमी होते? या निकषाने सुधारणांचा क्रम दुकानातील क्रमापेक्षा पुष्कळ वेगळा लागतो. सर्वांत आधी आले टायर, कारण जमिनीला स्पर्श करणारी तेवढी एकच वस्तू सायकलीत आहे. जाड कवचाचे, मऊ रबराचे टायर ट्यूबविना बसवले आणि आत छिद्रे बुजवणारा द्रव भरला. पुढच्या टायरमधील दाब २८ पीएसआयवरून २३ वर आणला. वजन अर्धा किलोने वाढले, पण ओल्या मुळीवर चाक आता निसटण्याऐवजी तिला धरून जाते. मग ब्रेक: पुढची चकती १८० मिलिमीटरऐवजी २०० ची लावली. तरफेची भुजा ११ टक्क्यांनी वाढली, म्हणजे तेवढेच काम कमी ताकदीत होते आणि लांब उतारावर बोटे थकत नाहीत. तिसरा बदल सीटच्या दांड्याचा. अंगठ्याने खटका दाबताच खाली जाणाऱ्या या दांड्याचा पल्ला १२५ वरून १५० मिलिमीटर केला. सीट वाटेतून दूर झाली की शरीराला मागे-खाली सरकायला जागा मिळते. ही जागाही वावच. कार्बनची चाके, विजेवर चालणारे गियर, आणखी हलक्या दात्या यांतले काही घेतले नाही. त्यांनी चढ थोडा सोपा झाला असता, उतार सुरक्षित झाला नसता.

शेवटी शॉक. इथे नवे विकत घेण्यापेक्षा असलेले समजून घेणे अधिक फलदायी असते. माझ्या सायकलीचे मागचे चाक १५० मिलिमीटर सरकते तेव्हा शॉकचा दांडा केवळ ६० मिलिमीटर आत जातो. स्वार बसल्यावर त्यांतले ३० टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर, दबले जावेत अशा बेताने हवा भरतात. हे आधीच दबलेले अंतर महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळेच चाक खड्ड्यात खालीही उतरू शकते. सस्पेन्शन आरामासाठी असते ही समजूत अपुरी आहे. टायरला जमिनीपासून सुटू न देणे हे त्याचे पहिले काम. दबलेला शॉक परत किती वेगाने उसळावा हे आतील तेलाचा विरोध ठरवतो. फार वेगाने उसळला तर तो स्वाराला उडवतो. फार मंद असेल तर एकामागून एक येणाऱ्या दगडांवर सावरायला वेळ न मिळून खाली खाली बसत जातो. कारखान्यातून आलेला हा विरोध माझ्या वजनाला जड होता. एका कारागिराकडून आतल्या पातळ चकत्या बदलून घेतल्या, आणि सगळ्या सुधारणांत हीच सर्वाधिक मोलाची ठरली.

यात एक विरोधाभास आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. हाड भारामुळे बळकट राहते. चालताना, जिना चढताना, वजन उचलताना त्यावर जो ताण येतो तो त्याला हवा असतो. आणि मी तर पैसे मोजून धक्के काढून टाकत होते. याचे उत्तर सायकलीत नाही. आठवड्यातून दोनदा मी वजने उचलते, ती यासाठीच. पण या विरोधाभासाने एक गोष्ट शिकवली: सगळे धक्के एका जातीचे नसतात. काही धक्के माहिती देतात. माती कुठे भुसभुशीत झाली, मुळी किती तिरकी आहे, वेग किती चढला, हे तळहातांना आणि तळपायांना तेच सांगतात. काही धक्के केवळ मोडतात. पहिले येऊ द्यावेत आणि दुसरे अडवावेत, अशी जुळणी साधणे हे खरे काम. वाव वाढवत गेले की पहिल्या जातीचे धक्केही नाहीसे होतात. मग डोळे आळसावतात आणि वेग नकळत वाढतो. म्हणून १७० मिलिमीटरची सायकल मी नाकारली. वाट वाचण्याचे काम यंत्राला देता येत नाही, ते स्वारालाच करावे लागते.

शॉकच्या दांड्यावर रबराचे एक बारीक कडे असते. शॉक दबला की ते पुढे ढकलले जाते आणि जिथवर दबला तिथेच थांबून राहते. वाचनखुणेसारखेच ते, त्या दिवशी वाट सर्वांत खोल कुठवर उतरली हे दाखवणारे. घरी आल्यावर चिखल धुण्याआधी मी ते पाहते. सोकेलच्या जंगलातील खडकाळ धारेवरून उतरल्यावर ते साधारण ५२ मिलिमीटरवर असते. ८ मिलिमीटर उरतात. हवा थोडी कमी करून तेही वापरावेत, असे एक अनुभवी मित्र सुचवतो. पूर्ण वाव न वापरणे म्हणजे त्याच्या मते पैसे वाया घालवणे. तांत्रिकदृष्ट्या त्याचे म्हणणे चूक नाही. पण ज्या दगडाशी अजून गाठ पडलेली नाही त्याच्यासाठी मी ते ८ मिलिमीटर राखून ठेवले आहेत. कडे बोटाने मागे सरकवते, आणि मग सायकल धुते.