भेटागुडीची जिलिपी

उत्तर बंगालमधल्या बिन्नागुडीला माझं पोस्टिंग होतं तेव्हाची गोष्ट. बायको आणि मुलगी पुण्यात, कारण मुलीची बारावी. फौजेत हे घरोघरी असतं.

बिन्नागुडीहून दोन-अडीच तासांवर कूचबिहार. तिथे कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे आपल्या त्रिपुरी पौर्णिमेला, मदनमोहन मंदिराचा रासमेळा सुरू होतो. मंदिरात बांबू आणि कागदाचं उंच रासचक्र असतं. भाविक ते हाताने फिरवतात. ते बनवतं मात्र एक मुसलमान कुटुंब, पिढ्यानपिढ्या. आणि मेळ्याला जाऊन भेटागुडीची जिलिपी न खाता परतणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. जिलिपी म्हणजे आपली जिलबी.

दिवाळीच्या सुट्टीत दोघी माझ्याकडे आल्या. त्याआधी फोनवर मी मेळ्याचं इतकं वर्णन केलं होतं, की मुलीने परतीचं तिकीट पौर्णिमेनंतरचं काढायला लावलं. शनिवारी जायचं ठरलं. शुक्रवारी रात्री हुकूम आला, स्टेशन सोडायचं नाही. सोमवारी सकाळी त्यांचं बागडोगराहून विमान.

"तुम्ही दोघी जाऊन या," मी म्हटलं.

"नको. चालेल बाबा," ती म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली.

हे 'चालेल' मी दहावीच्या निकालाच्या दिवशीही ऐकलं होतं, फोनवर. लहान असताना ती भांडायची. मी निघालो की माझी टोपी लपवून ठेवायची. ते कधी थांबलं, माझ्या लक्षातच आलं नाही.

रविवारी सकाळी तिकडचाच एक नायक रजेवरून परतला. हातात जिलिपीचा मोठा डबा. मेसच्या स्टोअरमध्ये आइस्क्रीमचा जुना लाकडी पॉट पडून होता. आमच्या लहानपणी उन्हाळ्यात असे पॉट भाड्याने आणायचे आणि हँडल फिरवायला सगळी भावंडं पाळीने बसायची. म्हटलं, मेळा नाही तर निदान मेळ्याचं आइस्क्रीम.

बर्फाची लादी बाजारातल्या मासेवाल्याकडून आणली. गोणपाटात घालून फोडली. तीन वाटे बर्फ, एक वाटा खडेमीठ, असे थर डब्याभोवती दिले. दोन लिटर दूध आटवून, साखर घालून, गार करून घेतलं होतं. त्यात अर्धी जिलिपी पाकासकट कुस्करली आणि फिरवायला बसलो.

पाऊण तास झाला, हँडल हलकंच. झाकण काढलं तर आत बासुंदी. मुलगी दारात उभी राहून बघत होती.

"साखर किती घातलीस?"

"नेहमीएवढी."

"आणि वर जिलबीचा पाक? बाबा, बाहेर मीठ कशाला घालतोयस मग? मिठाने बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि डब्यातली उष्णता ओढून घेतो. आत साखर तेच करतेय. दुधाचा गोठणबिंदू तूच खाली नेलायस. आम्हाला याच वर्षी आहे हे."

एनडीएत मीही शिकलो असेन. आठवलं नाही.

तिने ताबा घेतला. जिलिपीचे तुकडे गाळून काढले, थोडं गोड दूध बाजूला केलं, त्या जागी बिनसाखरेचं गार दूध आणि मिल्क पावडर घातली. मिठाचं पाणी काढून नवा बर्फ, नवं मीठ. मग पाळ्या लावल्या : मी, ती, तिची आई, जिलिपी आणणारा नायकसुद्धा. पंचवीस मिनिटांनी हँडल जड झालं. शेवटी तर दोन्ही हात लावावे लागले. उरलेली जिलिपी पाक निथळून, मोडून वाढताना वर घातली.

चांगलं झालं होतं. जरा मऊ, पण चांगलं. नायकाने दोनदा घेतलं, ही त्याची पावती.

"मेळ्यात हे मिळतं?" तिने विचारलं.

"नाही."

"मग मेळा बाकीच आहे." वाटी खाली ठेवून ती बघायला लागली, तशी ती सहा-सात वर्षांची असताना बघायची. "पुढच्या कार्तिकात न्यायचं. नाही नेलंस तर चालणार नाही. सांगून ठेवते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी वाट्या उचलायला लागलो, कारण बोलता आलं नसतं.

वचन मी दिलं नाही. या नोकरीत ते देऊ नये. पण जानेवारीत युनिटचा वर्षाचा रजेचा तक्ता समोर आला, तेव्हा सगळ्यांची नावं लिहून झाल्यावर उरेल तो आठवडा घ्यायची माझी सवय मी मोडली. कार्तिक पौर्णिमेच्या आठवड्यासमोर आधी स्वतःचं नाव लिहिलं.