दसऱ्याच्या दिवशी बंद असलेले दार

उपाशी आईचा हात लवकर उठतो. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल नव्हे, माझ्याचबद्दल सांगते आहे. १९८१ साली हरतालिकेला मी निर्जळी उपास धरला होता. दुपारी तीनच्या सुमारास माझ्या सहा वर्षांच्या मुलाने पाण्याचा तांब्या सांडला आणि मी त्याला अशी चपराक मारली की गालावर बोटे उठली. तांब्याभर पाणी ते! एरवी मी हसून पुसून काढले असते. रात्री तो झोपल्यावर मी त्याच्या गालाला तेल लावीत बसले. उपासाचे पुण्य पदरात पडले की नाही ते देवाला ठाऊक.

त्याच वर्षी आम्ही चाकणजवळचे गाव सोडून पिंपरीला आलो होतो. मालकांना कारखान्यात नोकरी लागली होती. दोन खोल्यांची जागा, भिंतीला भिंत लागून शेजार. आमच्या शेजारी एक वहिनी राहायच्या. नऊवारी नेसणाऱ्या त्यांच्या सासूबाई अलिबागकडून अधूनमधून येत. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले, बोलणे आपल्यासारखेच मराठी, पोह्यात नारळ आपल्यापेक्षा जास्त. ते ज्यू, म्हणजे बेने इस्रायल समाजाचे आहेत हे मला दोन महिन्यांनी कळले.

दसऱ्याला माझे वडील गावाहून आपट्याची पाने घेऊन आले. चारपाचच्या सुमारास मी शेजारी सोने द्यायला गेले. दार लावलेले. कडी वाजवली, हाक मारली. आत कुजबुज ऐकू आली, पण दार काही उघडले नाही. मला फार लागले. सणाच्या दिवशी सवाष्ण दारात उभी आणि आतून कुणी 'ओ' देईना! मालकांना म्हटले, "जातीवर गेली माणसं." तोंडातून शब्द निघून गेला, आज आठवला की लाज वाटते.

खरे तर दुपारीच मला काही कळायला हवे होते. दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून चपराकीचा आवाज आला होता, मग मुलाचे रडणे, आणि त्यानंतर एका बाईचे अगदी दाबलेले रडणे. तो आवाज मी ओळखला होता. महिन्याभरापूर्वीच तो माझ्या घरातून निघाला होता.

रात्री आठ वाजता वहिनी स्वतः आल्या. अंगावर पांढरे पातळ, ओठ सुकलेले, हातात करंज्यांची ताटली. म्हणाल्या, "ताई, मघाशी दार उघडता आलं नाही. आता द्या ना सोनं."

मग त्यांनी सगळे सांगितले. त्या दिवशी त्यांचा वर्षातला सर्वांत मोठा उपास होता. त्यांच्या धर्मात त्याला योम किप्पूर म्हणतात. कोकणातली जुनी माणसे त्यालाच दारफाळणीचा सण म्हणत, म्हणजे दार लावून घेण्याचा सण. आदल्या दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी जेवायचे, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, चांगले पंचवीस तास, अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. चूल पेटवायची नाही, कामाला हात लावायचा नाही, चामड्याची चप्पल घालायची नाही. वर्षभरातल्या चुकांची देवापाशी माफी मागायची. पूर्वी दारे लावून पांढऱ्या कपड्यांत घरातच बसत आणि बाहेरच्या माणसाशी बोलतसुद्धा नसत. आता बहुतेक जण प्रार्थनामंदिरात जातात. वहिनींचे यजमान आदल्या दिवशीच पुण्याला रास्ता पेठेत नातलगांकडे गेले होते, कारण सणाच्या दिवशी गाडीत बसायचे नसते. रास्ता पेठेत १९२१ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आहे. पुण्यातले दुसरे म्हणजे कॅम्पातले लाल देऊळ. ते १८६७ सालचे. ज्यांच्या देणगीने ससून रुग्णालय उभे राहिले, त्या डेव्हिड ससून यांनीच ते बांधायला घेतले होते.

पण तान्ह्या मुलांची आई कुठे जाणार? ती घरातच. सासूबाईंच्या शिस्तीप्रमाणे वहिनींनी दार लावले होते आणि आत दोन मुले कोंडली होती, पोटात तिसरे. "मोठ्याला मारलं मी आज," त्या म्हणाल्या. "माफी मागायच्या दिवशीच नवं पाप केलं."

मी माझ्या तांब्याची गोष्ट त्यांना सांगितली. दोघी हसलो, मग दोघींचेही डोळे भरले. तेव्हाच मी म्हटले, पुढच्या वर्षी पोरे माझ्याकडे.

या लोकांचा आणि आपल्या शेतकऱ्यांचा संबंध जुना आहे, एवढे मध्येच सांगते. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. कोकणातल्या गावांत त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडली. आणि तो सण दसऱ्यालाच कसा आला? त्यांचा महिनाही आपल्यासारखा अमावास्येनंतर सुरू होतो, आणि हा उपास महिन्याच्या दहाव्या दिवशी असतो. चंद्राचे वर्ष सूर्याशी जुळवायला आपण अधिक मास धरतो, तसा तेही एकोणीस वर्षांत सात वेळा जास्तीचा महिना घालतात. दोघांचे जास्तीचे महिने जुळले की दसरा आणि तो उपास एकाच दिवशी किंवा एखाद्या दिवसाच्या फरकाने येतात. नाहीतर महिन्याचा फरक पडतो.

१९८२ साली तसेच झाले. आपल्याकडे अधिक आश्विन आला, दसरा पुढे गेला आणि त्यांचा उपास सप्टेंबरच्या शेवटी, सोमवारी आला. आता वहिनींची मुले तीन: नऊ वर्षांचा मोठा, पाच वर्षांची मुलगी आणि अंगावर पिणारे सात महिन्यांचे बाळ. माझा सात वर्षांचा. दिवसभर चार पोरे दोन खोल्यांत रमवायची कशी, या विचाराने मी रविवारीच धास्तावले. बाहुल्या, सागरगोटे, कागदाच्या होड्या, सगळे मिळून तास-दीड तासाचे काम. गावाकडे पोरांना रमवावे लागत नाही. वासरू असते, ओढा असतो, बांध असतो. पिंपरीत काय, जिना आणि नळ.

मार्ग काढला तो माझ्या आईने. घरी भुईमूग काढणीला आला होता. सोमवारी सकाळी ती चाकणहून एस.टी.ने नाशिक फाट्याला उतरली, ती डोक्यावर ओल्या शेंगांच्या वेलांचे भलेमोठे गाठोडे घेऊनच. मातीसकट! खोलीच्या मधोमध पोते अंथरले, वेल टाकले आणि म्हणाली, "तोडा रं पोरांनो शेंगा. जो जास्त तोडील त्याला गोष्ट सांगंन."

मला शंका आली. आज त्यांच्यात काम करायचे नसते, मग हे चालेल का? शेजारी जाऊन विचारले. वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुमच्या घरात पोरं काय खेळतात ते मी आज बघणार नाही."

दुपारपर्यंत पोरे शेंगा तोडीत होती. एकदाण्याच्या शेंगा वेगळ्या, दोनदाण्याच्या वेगळ्या, तीनदाण्याची सापडली की आरडाओरडा. धाकटीने फोलांची गलबते केली. बाळाला दर दोन-तीन तासांनी मी शेजारी नेत असे. अंगावर पाजणाऱ्या बाईने पाण्याचा थेंब न घेता दिवस काढायचा, हे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. मग तो उपास त्यांचा असो की आपली हरतालिका असो. तसे मी वहिनींना तोंडावर सांगितलेही. त्या नुसत्या हसल्या.

खरी फजिती मोठ्याने केली. त्यांच्यात मुलगा तेरा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची झाली की पूर्ण उपास लागू होतो. त्याआधी नऊ-दहा वर्षांपासून मुलांना तासातासाने सवय लावतात. वडिलांनी या मुलाला सांगितले होते, दुपारी बारापर्यंत धर. बारा वाजले. हा जेवायला येईना. माझा मुलगा त्याला म्हणाला होता, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं." झाले! पोराला जिद्द चढली. मी दोनदा ताट वाढले, दोनदा त्याने सरकवले. मीही म्हटले, दुसऱ्याचा धर्म, आपण जबरदस्ती कशी करायची? तिथेच मी चुकले. तीनच्या सुमारास शेंगा तोडता तोडता तो भिंतीला टेकला. तोंड पांढरेफटक, कपाळावर गार घाम.

मी साखर-मीठ घातलेले पाणी केले. त्याने दात घट्ट मिटले. माझे हातपाय कापू लागले. आई म्हणाली, "उभी काय ऱ्हातीस? त्याच्या आईला आण."

वहिनी हातातली पोथी तशीच ठेवून अनवाणी धावत आल्या. त्यांनाच उभे राहवत नव्हते, भिंत धरून खाली बसल्या. पोराचे डोके मांडीवर घेतले, पेला माझ्या हातून घेतला आणि म्हणाल्या, "बाबांनी बारापर्यंत सांगितलं होतं ना? बापाचा शब्द मोडलास. आता हे पाणी प्यायला नाहीस तर ते दुसरं पाप." तो प्यायला. मग रडला, मग भाकरी आणि शेंगांची चटणी खाल्ली. मी अपराध्यासारखी म्हटले, मीच आधी बोलवायला हवे होते. तर त्या म्हणाल्या, "ताई, जिवापुढे उपास नाही, हे आमच्याच धर्मात लिहिलंय. आजाऱ्याला त्या दिवशी खाऊ घालणं हाच धर्म." माझ्या आईने मान हलवली. "आमच्यात लिवल्यालं न्हाई," ती म्हणाली, "पर आसंच हाय."

संध्याकाळचा वेळ सर्वांत वाईट. वहिनींच्या घरातून आता काही आवाज येत नव्हता. मी पोरांना घेऊन गच्चीवर गेले. तीन चांदण्या दिसल्या की उपास सुटतो. ज्याला पहिली दिसेल तो राजा. पण पावसाळा सरलेला नव्हता. ढग, त्यात कारखान्यांचा धूर, आणि वर दशमीचा चंद्र चांगला उजेड पाडून बसलेला. एक चांदणी माझ्या मुलाला दिसली. दुसरी भोसरीच्या अंगाला धाकटीला दिसली, तो विमानाचा दिवा निघाला. मोठा बोलत नव्हता, मान वर करून उभा होता. ढग हलला तेव्हा तोच ओरडला, "दोन! तीन!" आणि जिन्यावरून असा पळाला की मला वाटले आता पडतो. मी खाली पोचेपर्यंत त्याने आईच्या हातात सरबताचा पेला दिला होता.

पुढे तीन वर्षे तो दिवस आमच्याच घरी गेला. नंतर ते कुटुंब इस्रायलला गेले, जसे त्यांच्यातले बरेच जण गेले. वहिनी आता नाहीत. मोठा मात्र अजून फोन करतो. बोलण्यात कोकणातली लकब तशीच आहे.

गेल्या काही वर्षांत, २०२२, २०२४ आणि २०२५ साली, दसरा आणि तो उपास पुन्हा एकाच दिवशी आले. त्या दिवशी तो फोनला हात लावीत नाही, म्हणून २०२५ साली २ ऑक्टोबरला दसरा झाला आणि मी तिसऱ्या तारखेला फोन केला. विचारले, नातवंडांना दिवसभर कसे सांभाळलेत? म्हणाला, "मावशी, इथं त्या दिवशी रस्त्यावर गाडी नसते. मोठमोठे रस्ते मोकळे. गावातली सगळी पोरं सायकली घेऊन रस्त्यावर. संध्याकाळी मात्र मी त्यांना गच्चीवर नेतो, चांदण्या मोजायला."

"आणि शेंगा?" मी विचारले.

"मिळतात की बाजारात," तो म्हणाला, "पण वेलासकट नाही मिळत."