कल्याणचा सोनार आणि पाण्याची पोढी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सहली येतात तेव्हा मुलांच्या हाती बहुधा एक छापील कागद असतो. लेणी किती, खडक कोणता, राजे कोण? उत्तरे ठरलेली : शंभराहून अधिक, बेसाल्ट, सातवाहन. कागद भरला की डबे उघडतात. निसर्ग आणि इतिहास एकाच डोंगरावर नांदत असताना हा कागद त्यांची गाठ पडू देत नाही, हे आमचे जुने गाऱ्हाणे.

आम्ही काही भाषाशिक्षक मुलांना कान्हेरीला नेतो ते कागदावाचून. काम एकच : पाणी कुठून कुठे जाते ते शोधा. मग मुले कातळातल्या पन्हळी बोटांनी चाचपत एकेका टाक्यापाशी येतात. मध्येच बेडूक उडी मारतो आणि शोध थांबतो. तो थांबू द्यावा.

या टाक्याला तिथल्या प्राकृत शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. एका लेखात पोढीचे दान देणारा आहे कल्याणचा एक सोनार. लोकलने कल्याणला जाणाऱ्या मुलांना हा सोनार कुठल्याही सातवाहन राजाहून जवळचा वाटतो. ब्राह्मीतला 'क' म्हणजे जवळजवळ गणितातली अधिकची खूण. अक्षरांना हात लावायचा नाही, वहीत उतरवायचे, एवढाच नियम. दहा वर्षांची मुले अर्ध्या तासात चार-पाच अक्षरे ओळखू लागतात. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याच्या समर्थनात प्राकृत शिलालेखांचे दाखले मोठ्या अभिमानाने दिले गेले. पण मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्या आमच्या किती विद्यार्थ्यांना हा 'क' ओळखता येईल?

गेल्या खेपेस एका मुलीने विचारले, "सोनाराने सोने सोडून पाणी का दिले?" आमच्यातल्या एकाने पुण्याची कल्पना समजावली. दुसरीचे म्हणणे, पुण्य खरेच, पण पावसाळा सरल्यावर भिक्षूंनी या डोंगरावर प्यायचे काय, हे त्या सोनाराला ठाऊक असणार. वाद उतरणीवरही चालू राहिला. तोवर मुलगी पुढे जाऊन दुसरी पन्हळ शोधत होती.