शिकागो: शून्यापासून मोजलेला प्रवास

मोठ्या शहराच्या भेटीचे नियोजन प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू करण्याची पद्धत रूढ असली, तरी ज्या शहराची रचनाच एका निश्चित सूत्राने बांधलेली आहे, तेथे ते सूत्र आधी समजून घेणे अधिक उपयोगी ठरते. मिशिगन सरोवराच्या नैर्ऋत्य काठी वसलेले शिकागो हे अशा शहरांचे ठळक उदाहरण होय. ऑक्टोबर महिन्यात पाच दिवसांसाठी तेथे गेलेल्या प्रस्तुत लेखकाला त्याचा प्रत्यय पुण्यात घरी बसून आराखडा आखतानाच आला.

व्हिसा, विमानाची तिकिटे आणि निवासाची सोय झाल्यानंतर तयार केलेल्या पहिल्या आराखड्यात स्थळे केवळ त्यांच्या प्रसिद्धीनुसार मांडलेली होती, त्यामुळे एकाच दिवसात शहराच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत धावपळ करावी लागणार होती. सोबत येणाऱ्या वृद्ध आईला गुडघेदुखीमुळे फार चालणे आणि जिने चढणे शक्य नसल्याने हा आराखडा बाजूला ठेवावा लागला आणि अंतराचा विचार नव्याने करणे भाग पडले.

या विचाराला आधार मिळाला तो शिकागोच्या पत्त्यांचा. शहरातील बहुतेक रस्ते एकमेकांना काटकोनात छेदत असून, स्टेट आणि मॅडिसन या दोन रस्त्यांचा छेदबिंदू शून्य मानून चारही दिशांना घरक्रमांक वाढत जातात. 1909 साली अमलात आलेल्या या पद्धतीत साधारणतः 800 क्रमांकांचा एक मैल धरला जातो. दोन आडव्या आणि दोन उभ्या रस्त्यांमधील चौकोनी भूभागास ‘ब्लॉक’ म्हणतात आणि असे आठ ब्लॉक मिळून बहुधा एक मैल भरतो. त्यामुळे भारतीय दुकानांसाठी ओळखला जाणारा डेव्हन ॲव्हेन्यू ‘6400 उत्तर’ या रेषेवर आहे एवढे कळताच, तो मॅडिसन रस्त्यापासून आठ मैल, म्हणजे सुमारे 13 किलोमीटर, उत्तरेला आहे हे नकाशा न पाहताही सांगता येते. सरोवर नेहमी पूर्वेला असल्याने दिशेचा संभ्रमही सहसा उरत नाही.

या हिशेबावर दुसरा आराखडा उभा राहिला आणि त्यात प्रत्येक दिवसाला शहराचा एकच भाग देण्यात आला. पहिला दिवस शहरातून वाहणाऱ्या नदीचा आणि तिच्या काठच्या इमारतींचा होता. 1871 च्या भीषण आगीनंतर नव्याने उभ्या राहिलेल्या या शहरात 1885 साली ‘होम इन्शुरन्स बिल्डिंग’ ही दहा मजली इमारत बांधली गेली. इमारतीचा भार जाड भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्यावर पेलण्याच्या तिच्या तंत्रामुळे गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे. ती इमारत आज अस्तित्वात नसली, तरी त्या परंपरेचा पुढचा विस्तार नावेतून, एकही जिना न चढता, पाहता येतो. पिण्याच्या पाण्याचा स्रोत असलेल्या सरोवरात सांडपाणी जाऊ नये म्हणून 1900 साली या नदीचा प्रवाह कालव्याच्या साहाय्याने उलट फिरवण्यात आला, ही माहिती आधी वाचलेली असल्याने तो नौकाविहार विशेष अर्थपूर्ण झाला.

दुसरा दिवस ‘लूप’ या मध्यवर्ती भागाचा होता. उन्नत रेल्वेमार्गाचा वेढा 1897 साली या भागाभोवती पूर्ण झाला. सर्वच स्थानकांवर लिफ्ट नसल्यामुळे लिफ्ट असलेली स्थानके आधीच नोंदवून ठेवली होती. आर्ट इन्स्टिट्यूटची वास्तू या दिवसाच्या केंद्रस्थानी होती, कारण 11 सप्टेंबर 1893 रोजी स्वामी विवेकानंदांनी जेथे भाषण केले, ती सर्वधर्मपरिषद याच वास्तूत भरली होती आणि मुंबईचे बी. बी. नगरकर हेही तिच्या वक्त्यांमध्ये होते. त्याच वर्षीच्या जागतिक प्रदर्शनातील कलादालनाची वास्तू दक्षिणेकडील जॅक्सन पार्कमध्ये आज विज्ञान व उद्योग संग्रहालय म्हणून उभी आहे. तिसरा दिवस तिला देण्यात आला. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याचा भरवसा नसल्याने चौथा दिवस जाणीवपूर्वक मोकळा ठेवला होता. पावसामुळे त्या दिवशी विश्रांती घ्यावी लागली, तेव्हा ही तरतूद कामी आली.

पाचव्या दिवशी डेव्हन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर बसमधून उतरल्यावर, आयुष्यात कधी नकाशा न हाताळलेल्या आईने रस्त्याच्या पाटीवरील 6400 हा आकडा वाचला, मनाशी आठशेने भागाकार केला आणि आपण आठ मैल वर आल्याचे स्वतःहून सांगितले. ज्या आराखड्याचा आरंभ तिच्या गुडघ्यांच्या काळजीतून झाला होता, त्याचे सूत्र आता तिचेही झाले होते, आणि पुढच्या दुकानाचा क्रमांक वाचून कोणत्या दिशेने चालायचे हे त्या दिवशी तिनेच ठरवले.