कृतज्ञतेचा रकाना

आयुष्याची चौतीस वर्षे मी पगारपत्रके लिहिण्यात घालवली. कोणाचे किती दिवस भरले, कोणाचे किती जादा तास झाले, कोणाची किती उचल कापायची, हे रकाने भरता भरता डोक्यावरचे केस पांढरे झाले. निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी कोणीही काम करताना दिसला की मन आपसूक त्याच्या पगाराकडे धावते. सौ.च्या मते हा एक आजारच आहे. असेलही. त्या आजारानेच मला एका परक्या देशातील, परक्या खेळातील एका वृद्ध होत चाललेल्या खेळाडूचा हिशेब मांडायला लावले, आणि तो मांडता मांडता माझ्या स्वतःच्या खतावणीतील एक जुनी चूक मला सापडली. तीच हकिकत येथे सांगायची आहे.

२०१५ च्या नोव्हेंबर महिन्यात मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्स या गावी गेलो. बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणसाला काम ते काय? सायंकाळी जावई कामावरून आला की दूरदर्शन संचावर बास्केटबॉलचा सामना लावी आणि मी त्याच्या शेजारी बसे. हा खेळ मला अगदीच परका नव्हता. मुंबईत नोकरीस असताना नागपाड्याच्या बाजूने जाणे झाले, तर मस्तान वाय. एम. सी. ए.च्या मैदानापाशी मी घटकाभर थबकत असे. तिथल्या पोरांचे ते वाऱ्यासारखे धावणे पाहून दिवसभराचा शीण उतरत असे.

टॉरन्समध्ये मात्र मी पाहिले ते वेगळेच. लेकर्स संघाचा सर्वांत मोठा खेळाडू कोबी ब्रायंट उंच उडी घेई, चेंडू फेकी, आणि चेंडू कड्यावर आपटून बाहेर येई. पुन्हा फेकी, पुन्हा बाहेर. प्रेक्षक मात्र त्याच्याच नावाचा गजर करीत. मी जावयाला सहज विचारले, "याला पगार किती?" त्याने सांगितले, "या वर्षाचे अडीच कोटी डॉलर, पप्पा. संपूर्ण लीगमध्ये सर्वांत जास्त." त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी जावयाकडून माहिती घेऊन वहीत टिपू लागलो. कोबीचा जन्म १९७८ चा. १९९६ साली शाळा संपताच, महाविद्यालयाची पायरी न चढता, तो थेट व्यावसायिक खेळात उतरला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, तब्बल वीस मोसम, एकाच लेकर्स संघासाठी खेळला. २०००, २००१, २००२, २००९ आणि २०१० अशी पाच अजिंक्यपदे त्याने संघाला मिळवून दिली. २२ जानेवारी २००६ रोजी टोरांटोविरुद्ध एका सामन्यात त्याने एकट्याने ८१ गुण केले. १२ एप्रिल २०१३ रोजी खेळता खेळता त्याच्या डाव्या टाचेमागील जाड शीर, जिला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात, ती तुटली. अशा दुखापतीत माणसाला नीट चालणेही कठीण होते. कोबीने आधी आपल्या वाट्याचे दोन फ्री थ्रो घेतले, दोन्ही गुण मिळवले आणि मगच तो मैदानाबाहेर गेला. त्या वेळी त्याचे वय ३४ होते.

खरा प्रश्न येथून सुरू होतो. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला, दुखापतीनंतर तो एकही सामना खेळला नसताना, संघाने त्याच्याशी पुढील दोन वर्षांचा करार केला. रक्कम ४ कोटी ८५ लाख डॉलर. चालू वर्षाच्या ३ कोटी ४ लाखांहून अधिक वेतनाच्या मानाने ही कपातच होती. तरीही नवा आकडा लीगमध्ये सर्वोच्चच राहिला. ८ डिसेंबरला तो मैदानावर परतला. सहा सामने होताच डाव्या गुडघ्याचे हाड मोडले आणि तो मोसम संपला. पुढच्या मोसमात ३५ सामन्यांनंतर उजव्या खांद्याचा स्नायू फाटला.

आता रकाने पाहा. या खेळात प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर लीग दरवर्षी एक मर्यादा घालते. २०१४-१५ साठी ती ६ कोटी ३० लाख ६५ हजार डॉलर होती, तर २०१५-१६ साठी ७ कोटी. ही मर्यादा अगदीच पोलादी नव्हे. आपल्याच जुन्या खेळाडूला राखण्यासाठी संघ ती ओलांडू शकतो. परंतु बाहेरून मोठा खेळाडू आणायचा तर मर्यादेखाली जागा शिल्लक असावी लागते. म्हणजे ताट एकच. एकाच्या पानात जास्त वाढले की दुसऱ्याच्या पानात कमी पडणार.

कोबीचे वेतन पहिल्या वर्षी या मर्यादेच्या ३७.३ टक्के होते आणि दुसऱ्या वर्षी ३५.७ टक्के. गंमत अशी की, पहिल्या वर्षी त्याने केलेल्या दर शंभर फेकींपैकी ३७.३ यशस्वी झाल्या आणि दुसऱ्या वर्षी ३५.८. हा निव्वळ योगायोग. पण ते दोन रकाने शेजारी शेजारी उतरले तेव्हा माझी लेखणी क्षणभर थांबली. लीगमधील सर्वसाधारण प्रमाण तेव्हा शंभरात ४५ च्या आसपास असे. त्याच्या उमेदीच्या काळात त्याचेही तितकेच असे. संघाची स्थिती तर विचारूच नका. २०१४-१५ मध्ये ८२ पैकी २१ सामने जिंकले. २०१५-१६ मध्ये १७ जिंकले, ६५ हरले. संघाच्या साऱ्या इतिहासात इतका वाईट मोसम कधी झाला नव्हता.

मी वही जावयापुढे ठेवली. त्याने ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, "पप्पा, तुमचे आकडे बरोबर आहेत. पण तुम्ही मधली दोन वर्षेच धरलीत." मग त्याने आपली बाजू मांडली. १९९९ च्या करारापासून एका खेळाडूला किती देता येते यावरही बंधन आहे. ज्या वर्षी कोबीने ८१ गुण केले, त्या काळात त्याची खरी किंमत नियमाने मिळणाऱ्या वेतनाच्या कितीतरी पट होती. ती त्याला कधीच मिळाली नाही. शिवाय लेकर्सचा २०१२ पासूनचा वीस वर्षांचा दूरचित्रवाणीचा करार अब्जावधी डॉलरांचा. लोक ते सामने पाहतात ते कोणासाठी? आणि उरलेल्या पैशांत तरी काय झाले? २०१४ मध्ये कार्मेलो अँथनीला आणि २०१५ मध्ये लामार्कस ऑल्ड्रिजला बोलावले. पैसे होते, पण दोघेही आले नाहीत. मग पराभवाचा सारा बोजा एका माणसाच्या पगारावर कसा टाकता?

मला त्याचे म्हणणे मान्य करावे लागले. एका माणसाच्या वेतनावर सगळे अपयश टाकून मोकळे होणे हिशेबनिसाला शोभत नाही. पण मीही एक पान उलटले. सॅन अँटोनिओ संघाचा टिम डंकन हा वयाने कोबीहून दोन वर्षांनी मोठा. त्याचे वेतन एका वर्षी २ कोटी १० लाखांवर होते. २०१२ मध्ये त्याने नवा करार केला तो वर्षाला सुमारे एक कोटीचा. वाचलेल्या रकमेने त्याच्याभोवतीचा संघ टिकून राहिला, आणि २०१४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने पाचवे अजिंक्यपद मिळवले. डॅलसच्या डर्क नोविट्स्कीनेही त्याच वर्षी तीन वर्षांसाठी अडीच कोटी स्वीकारले. त्याआधी एकाच वर्षाला त्याला २ कोटी २० लाखांहून अधिक मिळत होते. उलट त्या २०१५-१६ च्या मोसमात ज्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान एकमताने मिळाला, त्या गोल्डन स्टेटच्या स्टीफन करीचे वेतन होते १ कोटी १४ लाखांच्या आसपास. २०१२ साली, घोटा वारंवार दुखावत असताना, त्याने तो करार केला होता. करीच्या कराराने त्याचे कालचे दुखणे मोजले आणि कोबीच्या कराराने त्याचा कालचा पराक्रम मोजला. त्या मोसमातील खेळ दोघांच्याही पगारात उतरला नव्हता.

तेव्हा मला वाटू लागले की, लेकर्सच्या मालकांनी दोन निरनिराळे रकाने एकत्र केले होते. एक रकाना कामाचा, दुसरा कृतज्ञतेचा. वीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार मानावेत हे योग्यच होते, त्या सेवेतून त्यांना अमाप मिळालेही होते. परंतु ते आभार मालकांच्या नफ्यातून न जाता मर्यादित ताटातून गेले, आणि त्या ताटावर कोबीशेजारी जी कोवळी पोरे बसली होती त्यांच्या वाट्याला ६५ पराभव आले. कृतज्ञता ज्याची त्याने आपल्या खिशातून द्यावी. नियमांमुळे मालकांना तसे देता येत नव्हते, हेही खरे. लीगने वेतनाखेरीज असे काही देण्यास वावच ठेवलेला नाही.

वाचकहो, हा निष्कर्ष वहीत लिहून मी खाली रेघ ओढली, आणि त्याच क्षणी मला १९८७ सालचा एक कागद आठवला.

आमच्या कारखान्यात एक फिटर होते. सारे त्यांना काका म्हणत. एकतीस वर्षे त्यांनी बॉयलर सांभाळला होता. अठ्ठावन्न पूर्ण होत आले तेव्हा त्यांनी एका वर्षाची मुदतवाढ मागितली. धाकट्या मुलीचे लग्न व्हायचे होते. साहेबांनी मला टिपण तयार करण्यास सांगितले. मी वर्षभराची जॉब कार्डे काढली. काकांचे हात कापू लागले होते. दुसरा फिटर पाच कामे उरकी तेव्हा त्यांची तीन होत. मंजूर जागा एकच, आणि तिच्यासाठी एक बदली कामगार तीन वर्षे वाट पाहत होता. मी टिपणाखाली लिहिले, "मुदतवाढीची शिफारस नाही."

तो निर्णय चुकला असे मी आजही म्हणणार नाही. त्या बदली कामगाराची आई पेढे घेऊन आली होती, तिचा चेहरा मला आठवतो. काकांना ग्रॅच्युइटी मिळाली. १९७२ च्या कायद्याने प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे एकतीस वर्षांचा जवळजवळ अठरा महिन्यांचा. अमेरिकेत जे एकत्र झाले होते ते आपल्या कायद्याने किती शहाणपणाने वेगळे ठेवले आहे! पगार कामाचा, ग्रॅच्युइटी सेवेची; आणि ती मालकाने द्यायची, शेजारच्या कामगाराने नव्हे.

मग चूक कोठे झाली? काका धनादेश घ्यायला माझ्या टेबलापाशी आले. मी पावतीवर बोट ठेवून म्हणालो, "येथे सही करा." त्यांनी सही केली. थोडा वेळ ते उभेच राहिले. मी पुढची पावती काढली. ते हळूच म्हणाले, "येतो मग," आणि गेले. एकतीस वर्षांबद्दल त्यांना कोणी काहीच बोलले नाही. साहेब दौऱ्यावर होते, आणि मी आकड्यांत होतो. लेकर्सनी कृतज्ञता पगाराच्या रकान्यात घातली म्हणून मी त्यांना दोष देत होतो; माझ्या वहीत तर तो रकानाच नव्हता.

१३ एप्रिल २०१६ रोजी कोबीचा शेवटचा सामना झाला. निवृत्तीची घोषणा त्याने आम्ही पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ नोव्हेंबरला केली होती. मांडीवर पाच महिन्यांची नात घेऊन मी सामना पाहायला बसलो. पहिल्या पाचही फेकी वाया गेल्या. मग काय झाले कोण जाणे! त्याने ५० वेळा चेंडू फेकला, २२ वेळा तो आत गेला, आणि एकूण ६० गुण झाले. त्यांतील २३ शेवटच्या सत्रात. हरत आलेला सामना लेकर्सनी १०१-९६ असा जिंकला. त्याच रात्री ओकलंडला गोल्डन स्टेटने मोसमातील ७३ वा विजय मिळवून नवा विक्रम केला. पण आमच्या घरात त्याचे कोणाला भान नव्हते. जावयाच्या डोळ्यांत पाणी होते. "याचे किती डॉलर धराल, पप्पा?" त्याने विचारले. मी म्हणालो, "हे वहीत धरत नाहीत." एका रात्रीने दोन वर्षांचा हिशेब बदलत नाही, हे मला ठाऊक होते. पण त्या रात्री सहकारी, प्रतिस्पर्धी आणि प्रेक्षक उभे राहून जे देत होते, ते कोणाच्याही ताटातून काढलेले नव्हते. दिले तितके ते वाढतच होते.

मायदेशी परतल्यावर मी काकांची चाळ शोधीत गेलो. तेथे आता टॉवर उभा आहे. पहारेकऱ्याला त्यांचे नावही ठाऊक नव्हते.

२७ जानेवारी २०२० च्या सकाळी टॉरन्सहून जावयाचा फोन आला. आदल्या दिवशी कॅलाबासासजवळ हेलिकॉप्टर कोसळून कोबी, त्याची तेरा वर्षांची मुलगी जियाना आणि इतर सात जण मरण पावले होते. कोबीचे वय अवघे ४१. फोनवर आम्ही दोघेही फारसे बोललो नाही. ती जुनी वही मी कपाटातून काढली. त्या दोन वर्षांसाठी ते वेतन जास्त होते, हे माझे मत आजही बदललेले नाही. मात्र त्या माणसाला त्याचे लोक काय मानीत होते, हे त्याच्या हयातीतच त्याला डोळ्यांनी पाहता आले, कानांनी ऐकता आले.

काकांना ते मिळाले नाही. म्हणून १९८७ च्या त्या टिपणाखाली जी ओळ मी लिहायला हवी होती, ती उशिरा का होईना येथे लिहून ठेवतो: काका, एकतीस वर्षे तुम्ही बॉयलर सांभाळलात, म्हणून आम्ही सारे सुखरूप घरी जात राहिलो. आम्ही तुमचे ऋणी आहोत.