फळीखालचं शिसं

टायरच्या दुकानात चाकाचा तोल साधताना रिमला शिशाच्या बोटभर पट्ट्या ठोकतात. उतरवलेल्या जुन्या पट्ट्या एका डब्यात साठतात आणि डबा भरला की भंगारात जातात. त्या मी मागून आणतो. माझ्या सिग्नलांना त्यांच्याशिवाय चालत नाही.

एकेरी मार्गावरचं एक लहानसं स्टेशन मी घरात उभं करतो आहे, एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात. या प्रमाणाचा तयार रूळ बाजारात मिळतो तो १६.५ मिलिमीटर रुंदीचा, कारण तो परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावरून बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; त्याला १९.३ मिलिमीटर हवेत. बार्शी लाइटसारखी ७६२ मिलिमीटरची छोटी गाडी करायची, तर नऊ मिलिमीटरचा तयार रूळ चालून जातो. ब्रॉडगेजवाल्याला मात्र स्लीपरपासून सगळं हातानं घडवावं लागतं. म्हणून बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात माझी फेरी असते. छत्रीच्या काड्या, सायकलचे स्पोक, बंद पडलेल्या घड्याळांची चक्रं, कॅसेट प्लेअरच्या मोटारी, सगळं पारखून घ्यायचं.

हे वेड मामाच्या गावचं. स्टेशनला लागूनच मामाचं घर होतं. मास्तरांच्या खोलीत टोकनचं लाल यंत्र होतं आणि त्याच्या पोटात लोखंडी गोळे. पुढच्या स्टेशनला घंटीचे ठोके द्यायचे, तिकडून उत्तर यायचं, तिथल्या मास्तरांनी संमती दिली की मूठ फिरवायची आणि एक गोळा गडगडत बाहेर. तो कातडी पिशवीत घालून, वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती जायचा. गोळा हातात नसेल तर पुढच्या मार्गावर गाडी न्यायची नाही. आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्हीकडच्या यंत्रांतून दुसरा निघतच नसे. कुणी कितीही घाईत असो, कितीही मोठा साहेब असो. मास्तरांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हा मी तिसरीत असेन. समोरासमोरची टक्कर टाळण्याची अक्कल एका लोखंडी पेटीत भरून ठेवता येते, याचं वाटलेलं नवल अजून ओसरलेलं नाही.

सिग्नलचंही तसंच. केबिनमधला लाल दांडा ओढला की रुळांलगतच्या कप्प्यांवरून गेलेली तार ताणली जायची आणि दूरच्या खांबावरचा आडवा हात खाली यायचा. ‘सिग्नल पडला’ म्हटलं की फलाटावर सामानाची उचलाउचल सुरू. खांबाच्या बुंध्याशी एक जड वजन असायचं. तार तुटली, तर ते वजन हाताला आपोआप आडवा करायचं, म्हणजे गाडी थांबवायचं. बिघाड व्हायचाच असेल तर तो सुरक्षित बाजूला व्हावा, ही व्यवस्था पृथ्वीच्या ओढीवर सोपवलेली होती. रात्रीसाठी मागे रॉकेलचा दिवा. त्याच्यापुढची हिरवी काच दिवसा पाहिली तर निळसर दिसे, कारण ज्योतीचा पिवळेपणा मिळाला की बाहेर हिरवा उजेड पडे. इतका बारीक विचार!

पुढे मी ऑफिसांतले प्रिंटर दुरुस्त करू लागलो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मोडीत निघाला की त्यातले गुळगुळीत पोलादी दांडे, स्प्रिंगा आणि टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या मोटारी मी मागून घ्यायचो. त्याच काळात मामाच्या गावी रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, पॅनेल आलं. ते अधिक सुरक्षित आहे, याबद्दल मला शंका नाही. पण जुन्या यंत्रांपुढे उभं राहिलं की शाळकरी पोरालाही त्यांचा विचार डोळ्यांनी दिसायचा. मला मॉडेलमध्ये उतरवायचा आहे तो हा विचार. नुसता रंगरूपानं हुबेहूब सिग्नल मला पुरत नाही.

अडचण इथेच आली. लांबी सत्त्याऐंशी पटीनं कमी झाली, की वजन सत्त्याऐंशीच्या घनानं, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पटीनं कमी होतं. दहा किलोचं वजन माझ्या खांबाशी ग्रॅमच्या सहासष्टाव्या हिश्शाच्या आसपास येतं. घर्षण काही त्या मानानं घटत नाही. मग इवलासा हात अर्ध्यावरच अडकून बसतो. सर्व्हो मोटार लाव, असं मॉडेल करणारे मित्र सांगतात. मोटार छानच चालेल; पण तार तुटल्याचं तिला कळणार नाही. म्हणून नऊ सेंटिमीटरच्या खांबाच्या पोटातून एक स्पोक फळीखाली नेला आणि त्याला टायरवाल्याचं शिसं टांगलं. वर दिसणारं वजन नुसतं दिसण्यापुरतं, खरं काम खालचं करतं. चाकाचा तोल राखणारी पट्टी इथेही आपल्या भारानंच कामाला येते. भंगाराचा असा उपयोग मला सर्वांत जास्त पटतो.

फलाटावर मी वजनाचं यंत्रही ठेवलं आहे. मिरजेला गाडी बदलताना मी त्याच्यासमोरून हलत नसे: लुकलुकणारे दिवे, फिरणारी चकती, नाणं टाकलं की खट्कन पडणारं जाड कार्ड, एका बाजूला वजन आणि भविष्य, दुसरीकडे सिनेनट. माझं यंत्र दोन-सव्वादोन सेंटिमीटर उंच आहे. दिवे जळलेल्या एलईडी बल्बमधून काढले, चकती जुन्या मोबाइलच्या थरथरणाऱ्या मोटारीवर फिरते. घरी येणारी मुलं आधी त्याच्याकडेच धावतात. मला मात्र ते अपुरं वाटतं, कारण त्यावर कुणाचंच वजन होत नाही. छोटा तराजू बसवून बघायचा विचार आहे.

टोकनच्या यंत्राची जोडी तेवढी जमली आहे. गोळ्यांच्या जागी सायकलचे छर्रे, आणि एक छर्रा बाहेर असला की दुसरा अडवून धरणारा रिले जुन्या स्टॅबिलायझरमधला. मुलं दोन टोकांना बसून दोन्ही छर्रे एकदम काढायचा प्रयत्न करतात, भांडतात, यंत्र ऐकत नाही. मग मी त्यांना सिग्नलपाशी नेतो. तिथे तारेच्या जागी शिवणाचा काळा दोरा आहे आणि फळीवर कात्री ठेवलेली असते. सिग्नल पाडायचा आणि दोरा कापायचा, हे काम मी त्यांच्यावरच सोपवतो.