बियांची चूक

काही वर्षांपूर्वी आमच्या मासिकात सफरचंदावर एक लेख प्रसिद्ध झाला. त्याचा मराठी अनुवाद माझा होता. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने, जे पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले, 1916 च्या सुमारास अमेरिकेतून ‘डेलिशस’ जातीची कलमे आणून सिमल्याजवळील कोटगढ भागात लावली, ही हकिगत त्यात होती. मूळ लेखात ‘कलमी रोपे’ असे स्पष्ट असताना मी घाईत ‘बियाणे’ लिहून गेलो. मुद्रितशोधनातही ती चूक कोणाच्या लक्षात आली नाही.

पाच वर्षांनी इंदूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. लेख वाचून त्यांच्या नातीने सफरचंदाच्या बिया कुंडीत पेरल्या होत्या. त्यांतील एक रुजली आणि रोप पुढे अंगणात लावले गेले. झाड आता आजोबांच्या खांद्याला लागत होते. परंतु फुलाचा पत्ता नव्हता. “नात रोज विचारते. तिला काय सांगू? झाड ठेवू की काढू?” एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आम्ही पुढील अंकात एका ओळीचे शुद्धिपत्र छापले. परंतु पाच वर्षे पाणी घातलेल्या झाडाला एक ओळ कशी पुरणार? म्हणून मी त्यांना सविस्तर पत्र लिहिले.

सफरचंदाचे झाड सहसा स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. मधमाश्या दुसऱ्या जातीच्या झाडावरून पराग आणतात, तेव्हा फलधारणा होते. त्यामुळे प्रत्येक बी हे दोन निराळ्या कुळांचे अपत्य असते आणि त्यातून आईसारखेच फळ मिळत नाही. या फळाचे माहेर मध्य आशियातील तिएन शान पर्वताच्या उतारांवर. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह यांनी 1929 मध्ये अल्माटीजवळ रानटी सफरचंदांची अरण्ये पाहिली आणि हेच त्याचे मूळस्थान असावे असे मत मांडले. पुढे आनुवंशिक अभ्यासाने त्यास पुष्टी मिळाली. तेथे एका झाडाचे फळ गोड, तर शेजारच्याचे तुरट. आवडलेले फळ जसेच्या तसे हवे असेल, तर कलम करण्यावाचून गत्यंतर नसते.

दुसरी अडचण थंडीची. डेलिशससारख्या जुन्या जातींना बहर येण्यापूर्वी सुमारे हजार तास सात अंश सेल्सिअसखालील थंडी लागते. एवढी थंडी माळव्यात कोठून मिळावी?

हे सारे लिहून झाल्यावर लेखणी अडखळली. त्या मुलीला केवळ ‘नाही’ कसे सांगावे? तेव्हा मला डेलिशसचीच जन्मकथा आठवली. अमेरिकेतील आयोवा राज्यात जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप आपोआप उगवले. ते रांगेबाहेर आल्याने त्याने दोनदा छाटले. पण ते पुन्हा फुटले, तेव्हा त्याने ते राखले, असे सांगतात. 1893 मध्ये त्याची फळे एका स्पर्धेत पहिली आली आणि पुढे ‘डेलिशस’ या नावाने ती जगभर पसरली. ज्याच्यासाठी कलमाचा एवढा आग्रह, ते फळही मुळात एका अनाहूत बीचेच!

म्हणून मी शेवटी लिहिले : “झाड काढू नका. त्याची मुळे आता तुमच्या मातीत रुळली आहेत. बीपासून वाढलेले झाडच कलमासाठी उत्तम खुंट होते. कमी थंडीत फळणाऱ्या ‘अ‍ॅना’सारख्या जातीची काडी मिळवून, हिवाळ्याअखेर जाणत्या माळ्याकडून पाचर कलम करून घ्या. फळ येईलच असे वचन मी देत नाही. चूक माझी होती, एवढे मात्र नातीला अवश्य सांगा.”

मार्चमध्ये त्यांचे कार्ड आले. काडीला दोन हिरवे डोळे फुटले होते. खाली वेड्यावाकड्या अक्षरांत एक ओळ होती : “काका, तुम्हाला माफ केले.”

तेव्हापासून ‘कलम’ हा शब्द समोर आला की मी क्षणभर थांबतो आणि मूळ पान पुन्हा एकदा वाचतो.